पहिली मोटरसायकल आणि रायडिंग गिअर: नव्या चालकांचे नेहमीचे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी मी मोकळ्या मैदानात नवशिक्यांना मोटरसायकल शिकवते. क्लच सोडताना गाडी गचका खाऊन बंद पडायची थांबली, की पुढच्याच आठवड्यात सगळ्यांचा एकच विषय सुरू होतो: आता गाडी कोणती घेऊ? मग हेल्मेट, मग जॅकेट, मग सेकंडहँडचं काय. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. ‘गिअर’ हा शब्द इथे दोन अर्थांनी येईल. गाडीचा तो नुसता गिअर. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट हे सगळं मिळून रायडिंग गिअर.

पैसे मोजके आहेत. आधी गाडी बघू की रायडिंग गिअर?

रायडिंग गिअर. या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

बहुतेक जण उलटं करतात. सगळे पैसे गाडीत घालतात आणि उरलेल्या चिल्लरीत हेल्मेट घेतात. जॅकेट पुढच्या महिन्यात, बूट नंतर बघू. पण पडण्याची भीती सर्वात जास्त असते ती नेमकी याच पहिल्या महिन्यांत. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. अपघात झालेल्या चालकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या गाडीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. ९२ टक्के चालक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आणि अपघात घडण्याआधीचा मध्यक वेग ताशी ५० किलोमीटरच्याही आत होता. ‘मी कुठे जोरात चालवतो’ असं कुणी म्हणालं की मी हा आकडा सांगते.

तेव्हा हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि गुडघ्यांचं संरक्षण यांची रक्कम आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत बसेल ती गाडी. गाडी एक पायरी खालची आली तरी काही बिघडत नाही. ती तुम्ही दोनतीन वर्षांत बदलणारच आहात.

पहिली गाडी किती सीसीची असावी?

सीसीचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. एकाच सीसीच्या दोन गाड्या अगदी वेगळ्या स्वभावाच्या असू शकतात. एक सिलिंडरचं ४०० सीसीचं इंजिन शांतपणे ओढतं. चार सिलिंडरचं ६०० सीसीचं रेसिंग घराण्यातलं इंजिन शंभराहून जास्त अश्वशक्ती देतं, आणि अशी गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते. कागदावर दोनशे सीसीचाच फरक, पण शिकणाऱ्यासाठी ही दोन वेगळी जगं आहेत.

मी तीन गोष्टी बघायला सांगते: वजन, ताकद, आणि ती ताकद हाताला कशी मिळते. युरोपात परवाने टप्प्याटप्प्याने मिळतात, त्यावरून ताकदीचा अंदाज येतो. पहिल्या टप्प्यात १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, दुसऱ्यात ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. तुमच्याकडे तसा कायदा असो वा नसो, पहिल्या गाडीसाठी ही वरची मर्यादा शहाणपणाची आहे. रोजचा प्रवास शहरातच असेल तर त्याच्या निम्म्या ताकदीतही छान भागतं.

ताकदीची भीती सरळ रस्त्यावर कमी असते. ती असते खड्ड्यात. नवा चालक हँडल घट्ट धरतो. गाडी खड्ड्यात आदळली की अंग मागे जातं, मनगट खाली वळतं आणि अ‍ॅक्सिलरेटर नकळत उघडतो. छोट्या इंजिनाची गाडी अशा वेळी नुसती गुरगुरते. मोठ्या इंजिनाची गाडी तुम्हाला समोरच्या वाहनापर्यंत नेऊन सोडते. ‘मी जपून चालवेन’ हे सगळेच मनापासून म्हणतात. पण ही चूक ठरवून होत नाही, आणि ती होणारच असं धरूनच गाडी निवडायला हवी.

‘छोटी गाडी लवकर कंटाळवाणी होईल’ असंही बरेच जण म्हणतात. हलकी गाडी तिच्या पूर्ण क्षमतेने चालवता येणं हे मोठं कौशल्य आहे, आणि मोठ्या गाडीवर ते शिकता येत नाही. तिच्या क्षमतेच्या चौथाईपर्यंतही आपण पोहोचत नाही.

माझी उंची कमी आहे. दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत का?

टेकले तर धीर येतो, पण तशी सक्ती नाही. एका पायाचा तळवा पूर्ण टेकला आणि दुसऱ्याचा चवडा टेकला, तरी सुरुवात होऊ शकते.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते आणि सगळे तोच आकडा बघतात. सीटची रुंदीही तितकीच महत्त्वाची. पुढे निमुळती असलेली ८०० मिलिमीटरची सीट रुंद ७८० पेक्षा ठेंगणी वाटते, कारण मांड्या फाकत नाहीत. शिवाय तुम्ही बसलात की शॉकअप थोडे दबतात. म्हणून आकड्यावरून गाडी नाकारू नका, बसून बघा. तेही रोज घालायचे तेच बूट घालून.

बसून झाल्यावर इंजिन बंद ठेवून गाडी बाजूने धरा आणि दहाबारा पावलं ढकला, वळवा, मागे घ्या. सपाटीवरच दम लागला तर उतारावर उभी केलेली ती गाडी रोज काढताना काय होईल त्याचा विचार करा. नवशिक्यांच्या गाड्या सर्वात जास्त पडतात त्या उभ्या असताना किंवा पार्किंगमध्ये वळवताना. गाडी एका ठरावीक कोनापलीकडे कलली की मग ती कुणालाच पेलत नाही. हलकी गाडी तो कोन यायच्या आत सावरता येते.

सस्पेन्शन खाली करून घेण्याची घाई नको. त्याने जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, वळणावरचं वागणं बदलतं, आणि साइड स्टँड लांब पडल्यामुळे गाडी सरळ उभी राहून पलीकडे कोसळू शकते. आधी सीटचा फोम कमी करता येतो का ते बघा.

कोणत्या प्रकारची गाडी घेऊ?

पाठ साधारण ताठ राहील, हँडल सहज हाताशी येईल आणि पाय शरीराच्या खालीच राहतील अशी. फेअरिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, नसलेल्या साध्या, नेकेड गाड्या यात बसतात. पडल्या तर लिव्हर आणि इंडिकेटरवर निभावतं.

स्पोर्ट्स गाडीवर वजन मनगटांवर येतं, मान वर करून बघावं लागतं, हँडल कमी वळतं, आणि एकदा आडवी झाली की प्लास्टिकचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो. क्रूझर ठेंगणी असते, पण बहुतेक वेळा जड. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यावर उभं राहता येत नाही. अ‍ॅडव्हेंचर गाडीची बैठक उत्तम, पण उंच. मन तिच्यावरच बसलं असेल तर त्या प्रकारातली लहानात लहान गाडी बघा.

नवीन घेऊ की सेकंडहँड?

शिकायला सेकंडहँड. पहिला ओरखडा उठतो तेव्हा नव्या गाडीचा मालक इतका हळहळतो की पुढचा महिनाभर सरावच करत नाही. आधीच चार ओरखडे असलेल्या गाडीवर माणूस मोकळेपणाने शिकतो. पण बघून घ्या, आणि शक्यतो कुणी जाणकार बरोबर न्या.

जायच्या आधी मालकाला सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर सर्वात आधी इंजिनाजवळ हात न्या. ते गरम असेल तर विचारा, का? थंड इंजिन चालू होताना जे दोष बोलतात, ते गरम इंजिन लपवतं. चालू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणं ठीक, पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर तिथूनच परत फिरा.

मग टोकं बघा. गाडी कधी पडली होती का, हे मालक सांगेल न सांगेल, पण क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं, हँडलची टोकं आणि फूटरेस्टच्या कडा सांगतात. एकाच बाजूला तिन्ही ठिकाणी घासलेलं असेल तर गाडी चालताना पडली आहे. नुसतं लिव्हरचं टोक घासलेलं असेल तर बहुधा उभी असताना. दुसऱ्या प्रकाराला मी फार घाबरत नाही.

पुढचं चाक उचलून हँडल डावीउजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध कुठे ‘टक्’ असं अडकलं तर हँडलचं बेअरिंग गेलं आहे. पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, म्हणजे फोर्कच्या, चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा, तेलाचा ओलावा लागला तर सील गेलेत. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्रावर, चेन मागे ओढून बघा, ती दातांपासून सुटून वर येत असेल तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्हींचा खर्च धरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी जुना टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

शेवटी चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी स्वतः ताडून बघा. फोटोवरून नाही.

एबीएस हवंच का?

परवडत असेल तर हवंच. घासाघीस करून बाकी काहीही सोडा, हे सोडू नका.

गाडीचं चाक फिरत असतं तोवरच ती तोल धरते आणि वळते. घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला आणि पुढचं चाक लॉक झालं, तर सावरायला वेळच मिळत नाही. अर्ध्या सेकंदात गाडी आडवी. एबीएस चाकाचा वेग सतत मोजतं आणि चाक अडकायला आलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा देतं. मोटरसायकलवर ते पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने १९८८ साली के १०० या मालिकेवर दिलं. आता ते लहान गाड्यांवरही मिळतं. शक्यतो दोन्ही चाकांवर असलेलं घ्या.

यासोबतच एक गैरसमज काढून टाकते: ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील.’ हा सल्ला कितीतरी जणांना गाडी शिकवणाऱ्यानेच दिलेला असतो. ब्रेक लावताना वजन पुढे सरकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. त्यामुळे जोरात थांबताना बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम खेचायचा नाही, चढत्या दाबाने पिळायचा. लिंबू पिळतो तसा.

अंतराचा हिशेबही लक्षात ठेवा. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर ताशी ३० वरून थांबायला साधारण ५ मीटर लागतात, आणि ६० वरून साधारण २०. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात धोका दिसून हात हलेपर्यंतचा एक सेकंद धरा: ३० ला ८ मीटर आणि ६० ला १७. म्हणजे एकूण १३ आणि ३७. मी मैदानात ही दोन अंतरं खडूने आखून त्यांवरून चालायला लावते. पायांनी मोजलं की ते डोक्यात बसतं.

हेल्मेट कसं निवडायचं?

हनुवटी झाकणारं, म्हणजे फुल फेस. पहिल्या हेल्मेटसाठी मी दुसरा पर्याय सुचवत नाही. माणूस पुढे फेकला जातो तेव्हा तोंडावरही आपटतो, आणि अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा, दात, नाक उघडे असतात.

माझ्या जुन्या हेल्मेटवर हनुवटीच्या उजव्या बाजूला बोटभर लांबीची एक खाच आहे. रंग गेलाय, खालचा पांढरट थर दिसतो, आणि खाचेच्या तळाशी डांबराची बारीक काळी खडी अजून रुतलेली आहे. ताशी तीसच्या आसपास वेग होता, वळणावर वाळू होती. वर्गात पहिल्या दिवशी मी ते हेल्मेट हातोहात फिरवते. त्या खाचेवर अंगठा फिरवून प्रत्येक जण नकळत स्वतःच्या हनुवटीला हात लावतो.

हेल्मेटमागचा इतिहासही सांगते. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ओळखतं ते, मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनाला लागला. पुढे त्यांनी सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते.

काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही, पण धक्का गिळतो तो हा फोम, स्वतः चिरडून. जो हेल्मेटवाला आतला नरम गादीचा भाग दाबून दाखवतो आणि ‘बघा किती मऊ’ म्हणतो, तो तुम्हाला आरामाबद्दल सांगतोय, सुरक्षेबद्दल नाही.

मानकाचं चिन्ह बघा. तुमच्या देशात कायद्याने जे लागतं ते तर हवंच. ईसीई २२.०६ हे युरोपात चालणारं आजचं कडक मानक आहे. त्यात आधीच्या २२.०५ पेक्षा जास्त ठिकाणी, कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांत मार देऊन बघतात, आणि डोकं गरकन फिरवणाऱ्या तिरक्या धक्क्याचीही चाचणी असते. त्याच्या लेबलवर आकड्यांसोबत एक अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण देणारा म्हणून तपासलेला. ‘जे’ म्हणजे हनुवटीला संरक्षण नाही. ‘एनपी’ म्हणजे हनुवटीपुढे पट्टी आहे, पण ती संरक्षण देत नाही. हनुवटी वर उचलता येणारं मॉड्युलर हेल्मेट घेणार असाल तर हे अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग माप. भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याच्या मागच्या सर्वात फुगीर भागावरून टेप फिरवा. पण माप ही फक्त सुरुवात, डोक्याचा आकार वेगळा असतो. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. हेल्मेट घालून वीस मिनिटं दुकानातच बसा. विक्रेता चुळबुळ करेल, करू दे. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ दिसला तर ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, मग ते कितीही देखणं असो. गाल आत ढकलले गेले पाहिजेत, इतके की च्युइंगगम चघळताना गालाची आतली बाजू दाताखाली यावी. गालांच्या गाद्या पुढे सैलावतातच. नव्या हेल्मेटमध्ये ‘मस्त मोकळं’ वाटलं तर ते मोठं आहे.

शेवटची चाचणी: पट्टा बांधा, दुसऱ्याला हेल्मेटची मागची खालची कड धरून पुढच्या दिशेने वर उचलायला सांगा. हेल्मेट डोक्यावरून निघालं तर अपघातातही निघेल. आणि न बांधलेलं हेल्मेट तर अपघातात डोक्यावर राहतच नाही.

हेल्मेट हातातून पडलं तर फेकून द्यायचं का?

रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून एकदा पडलं तर बहुधा फोमला काही होत नाही, कारण आत डोक्याचं वजन नसतं. तरी तडा, दबलेली जागा, सैल झालेला पट्टा बघा, शंका असेल तर बदला. डोक्यावर असताना मार बसला असेल तर मात्र चर्चा नाही, ते हेल्मेट संपलं. वरून धड दिसलं तरी आतला फोम चिरडलेला असतो, आणि तो पुन्हा फुगत नाही. माझं खाच पडलेलं हेल्मेट म्हणूनच फक्त दाखवायला उरलंय.

मार न बसताही घाम, ऊन आणि वापराने गोंद, पट्टा, अस्तर थकतात. हेल्मेट तपासणारी स्नेल फाउंडेशन ही संस्था पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगते. पॉलिकार्बोनेटच्या कवचाला पेट्रोल, थिनर, तीव्र क्लीनर लावू नका. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

मित्राचं जुनं हेल्मेट वापरू का?

नको. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो, आणि त्याच्या गाद्या दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेल्या असतात.

गरम होतं. जॅकेटशिवाय चालेल का?

गरमीचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. उकाड्याने कासावीस झालेला चालक लक्ष देऊ शकत नाही. पण जाळीदार, मेश जॅकेटमध्ये हवा आरपार जाते, आणि चालत्या गाडीवर ते सुसह्य असतं. सिग्नलला त्रास होतो, हे खरं. आत घाम शोषणारा पातळ टीशर्ट घाला आणि पाणी पीत राहा.

युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात कपड्यांना श्रेणी आहेत. ‘ट्रिपल ए’ सर्वात वरची, मग ‘डबल ए’, मग ‘ए’. ‘बी’मध्ये घासण्यापासून संरक्षण असतं, पण आघात झेलणारे पॅड नसतात. रोजच्या शहरातल्या प्रवासाला ‘ए’ही चालेल, हायवेला ‘डबल ए’ बघा. खांदे, कोपर, गुडघे यांच्या पॅडवर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. आघात दिला असता लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत पोहोचू शकतो, लेव्हल २ मधून २०. जागा तीच, जाडी थोडी जास्त, म्हणून मी लेव्हल २ घेते.

पाठीचा कप्पा उघडून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे साध्या फोमचा तुकडा असतो, त्यावर कुठलंच मानक छापलेलं नसतं. खरा बॅक प्रोटेक्टर वेगळा घ्यावा लागतो. आणि पॅड जागेवर राहिले तरच उपयोग: हात पुढे करून हँडल धरल्यासारखं बसा, कोपराचा पॅड कोपरावरच आहे ना ते बघा. ढिलं जॅकेट पडताना फिरतं आणि पॅड भलतीकडे जातो.

साधी जीन्स म्हणजे संरक्षण नाही. डांबरावर ती पापणी लवेपर्यंत फाटते.

हातमोजे आणि बूट खरंच लागतात का? हेल्मेट-जॅकेट आहे की.

पडताना तुम्ही हात पुढे करणार. शिकवून, ठरवून कुणीही हे टाळू शकत नाही. तळहात टेकतो, मनगट मागे मोडतं, आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं होडीच्या आकाराचं एक छोटं हाड तुटतं. त्याला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ते जुळायला महिने लागतात. म्हणून चांगल्या हातमोज्यांच्या तळव्याला, मनगटाजवळ, प्लास्टिकची गुळगुळीत चकती असते. तिच्यामुळे हात रस्त्यावर अडकत नाही, घसरतो.

वाळूवरच्या त्या पडण्यात घातलेले माझे हातमोजे मी जपून ठेवलेत. उजव्या चकतीचा खालचा अर्धा भाग घासून सपाट झालाय आणि शेजारची शिवण उसवली आहे. तळहाताला साधं खरचटलंही नव्हतं. घेताना मनगटाचा पट्टा घट्ट लावा आणि हातमोजा बोटांकडून ओढून बघा. निघाला तर परत ठेवा. हातमोज्यांचं मानक ईएन १३५९४, बुटांचं ईएन १३६३४.

बूट घोटा झाकणारे हवेत, आणि दोन्ही हातांनी पिळले तर सहज वळू नयेत. लेस असतील तर आत खोचा. गिअर लिव्हरमध्ये अडकलेली लेस सिग्नलला पाय टेकू देत नाही.

कानात इअरप्लग घालणं धोक्याचं नाही का?

नाही. हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज रोजच्या रोज ऐकला तर कान कायमचे बिघडवण्याइतका मोठा असतो. इअरप्लग तो दबवतात, हॉर्न तरीही ऐकू येतो. फक्त तुमच्या इथे कायद्याने चालतं का ते बघून घ्या.

पहिल्या महिन्यात काय शिकू?

आधी हळू चालवणं. चालण्याच्या वेगाने, क्लच अर्धवट धरून, मागचा ब्रेक हलकासा लावून सरळ रेषेत जाणं, मग आठचा आकडा. वेगात तर गाडी स्वतःच तोल धरते, कस लागतो तो हळू चालवताना.

मग नजर. गाडी तुम्ही बघाल तिकडे जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाणार. वळणावर डोकं वळवून, जिथे बाहेर पडायचं तिथे बघा. हे नुसतं वाचून पटत नाही, पण एकदा जमलं की वळणाची भीती अर्ध्यावर येते.

मग हँडलची उलटी वाटणारी गंमत: सायकलच्या वेगापुढे गेलात की डावीकडे वळायला हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. गाडी डावीकडे कलते आणि वळते. नकळत सगळे हेच करतात. पण जाणीवपूर्वक जमलं तर अचानक आडव्या आलेल्या वस्तूला वळसा घालता येतो.

आणि जोरात ब्रेक मारणं, रोज दहा वेळा, मोकळ्या जागेत, ताशी ३० वरून.

रस्त्यावर आल्यावर चौकांना सर्वात जास्त जपा. हर्ट यांच्या अभ्यासात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांश टकरींत चूक दुसऱ्या चालकाची होती, त्याने मोटरसायकलची वाट अडवली होती. आणि धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत वेळ मिळाला होता दोन सेकंदांहूनही कमी. त्यामुळे चौक आला की बोटं ब्रेकच्या लिव्हरवर, वेग थोडा कमी, आणि समोरच्या गाडीच्या चालकापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे लक्ष. चालक तुमच्याकडे बघत असला तरी त्याला तुम्ही दिसला असालच असं नाही. चाक फिरू लागलं तर मात्र ते खोटं बोलत नाही.

पावसात चालवू का?

पहिला महिनाभर नको. नंतर चालवा, पण सगळं सावकाश: ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, वळणं. बऱ्याच दिवसांनी पडणारा पहिला पाऊस सर्वात घसरडा, कारण रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ वर येते. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यांवर गाडी कलवू नका.

मागे कुणाला कधी बसवू?

एकट्याने गाडी तुमच्या हातात पूर्ण बसल्यावर, आणि मागच्यालाही तितकंच चांगलं हेल्मेट आणि जॅकेट असेल तर. मागच्या माणसाच्या वजनाने ब्रेकचं अंतर वाढतं आणि थांबताना तोल बदलतो. टायरची हवा आणि मागचे शॉकअप मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या.

गाडी पडली तर एकट्याने कशी उचलू?

आधी वाहतुकीपासून बाजूला व्हा आणि स्वतःकडे बघा. मनगट हलतंय का, डोकं आपटलं का, श्वास नीट येतोय का. पडल्यापडल्या अंगात इतकी झिंग असते की दुखणं दहा मिनिटांनी कळतं. डोकं आपटलं असेल किंवा गरगरत असेल तर गाडी तिथेच राहू द्या, मदत येऊ द्या.

तुम्ही ठीक असाल तर किल्ली बंद करा. पेट्रोल गळत असेल तर आसपास कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाणार नाही. शक्य असेल तर गिअर टाका, चाक घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला टेकून खाली बसा. एका हाताने हँडलची जमिनीकडची मूठ, दुसऱ्याने सीटखालची फ्रेम धरा. पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर छोटी पावलं मागे टाकत उभे राहा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी उभी राहील, पण पाठ बसेल.

उभी झाली की लगेच चालू करू नका. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर पूर्ण दाबल्या जातात का, हँडल दोन्ही बाजूंना मोकळं फिरतं का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप परत येतो का ते बघा. मग हातमोजे काढा आणि बोटं पसरून समोर धरा. ती थरथरत असतील तर थरथर थांबेपर्यंत बाजूला बसून राहा.